प्राथमिक शाळेतील विज्ञान आणि गावाची भागीदारी : बार्शीटाकळी परिसर

पहिली ते पाचवीच्या वर्गांत अभियांत्रिकीचा तास नसतो, तंत्रज्ञानाचे पुस्तक नसते आणि विज्ञानही स्वतःच्या नावाने येत नाही. महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमात तिसरीपासून ‘परिसर अभ्यास’ सुरू होतो. ‘सामान्य विज्ञान’ सहावीत भेटते. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या चौकडीला जगभर ‘स्टेम’ म्हणतात. प्राथमिक वयात तिचा अर्थ साधा आहे: निरखणे, मोजणे, नोंदणे, बनवून पाहणे आणि ‘असे का’ हे विचारणे. यासाठी लागणारी सामग्री शाळेच्या कपाटात थोडी असते, शाळेच्या आवाराबाहेर पुष्कळ असते. ती जाणणारी माणसेही बहुतेक बाहेरच असतात. शाळा आणि ही माणसे, संस्था, कार्यालये यांनी ठरवून, पाठाला धरून आणि वारंवार एकत्र काम करणे म्हणजे शैक्षणिक भागीदारी. एकदा येऊन वह्या वाटणे, फीत कापणे किंवा भिंत रंगवून देणे यात चूक काही नाही, पण त्याला भागीदारी म्हणता येत नाही.

बार्शीटाकळी हे अकोला जिल्ह्यातील तालुक्याचे गाव अकोल्याच्या दक्षिणेला, अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावर आहे. उत्तरेला पूर्णा नदीच्या खोऱ्यातील सपाट काळी जमीन, दक्षिणेला डोंगराळ मुलूख, आणि तालुक्यात महान येथे काटेपूर्णा नदीवरचे धरण. अकोला शहर याच धरणाचे पाणी पिते. धरणाभोवतीचे काटेपूर्णा अभयारण्य चौशिंग्यासाठी ओळखले जाते. कापूस, सोयाबीन आणि तूर ही इथली मुख्य पिके. गावातील कालंका देवीचे मंदिर बाराव्या शतकातले असून तिथल्या शिलालेखावर शके १०९८, म्हणजे इ.स. ११७६ हे साल आहे. शाळा मराठी माध्यमाच्या आहेत तशा उर्दू माध्यमाच्याही आहेत. वीसेक किलोमीटरवरच्या अकोल्यात १९६९ मध्ये स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. म्हणजे माती, पाणी, पीक, जंगल, दगडातील जुनी भूमिती आणि संशोधन करणारे विद्यापीठ हे सारे एका दिवसाच्या सहलीच्या टप्प्यात येते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये मंजूर झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात वर्गखोल्या, पाणी, स्वच्छतागृह, मैदान, ग्रंथालय, खेळाचे आणि अध्यापनाचे साहित्य यांचा उल्लेख आहे, प्रयोगशाळेचा नाही. ही त्रुटी मानायची की सूट, हे शाळेवर अवलंबून आहे. पाचवीपर्यंत काचेच्या नळ्या आणि आम्लांच्या बाटल्यांची गरज फारशी पडत नाही. तागडी, मोजपट्टी, दोरी, थर्मामीटर, भिंग, पारदर्शक बाटल्या आणि उघडे मैदान एवढ्यावर बहुतेक अभ्यासक्रम निभावतो. याच कायद्याच्या कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्या सदस्यांपैकी किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि शाळा विकास आराखडा तयार करणे हे तिचे काम आहे. समितीच्या बैठकांत छप्पर, पाणी, पोषण आहार आणि कुंपण यांवर बोलणे होते. मुलांना यंदा काय मोजायला मिळाले, हा विषय त्या इतिवृत्तात क्वचितच येतो. भागीदारीची पहिली जागा मात्र तीच आहे, कारण गावातला गवंडी, शेतकरी, बचतगटातील बाई, दवाखान्यातील परिचारिका हे सगळे कोणाचे तरी पालक असतात.

कारागीर, वावर आणि स्वयंपाकघर

गवंडी हा प्राथमिक गणिताचा सर्वात दुर्लक्षित शिक्षक आहे. पाया आखताना काटकोन हवा असतो, तेव्हा तो दोरीवर एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट मोजतो आणि दोन्ही टोकांतले अंतर बरोबर पाच फूट भरले की कोन जुळला असे समजतो. पायथागोरसचा सिद्धान्त मुले पुढे वरच्या वर्गांत शिकतात. त्याचा उपयोग चौथीतले मूल मैदानावर चुन्याने आखून पाहू शकते. ओळंबा उभी रेषा दाखवतो, कारण वजन पृथ्वीच्या ओढीने सरळ खाली जाते. लेव्हल पाइपमध्ये पाणी भरून दोन टोके लांब धरली की दोन्हीकडचे पाणी एका पातळीवर येते आणि लांबच्या दोन खांबांवर सारख्या उंचीच्या खुणा करता येतात. गवंड्याला अर्धा दिवस शाळेत बोलावले तर त्याची मजुरी बुडते. ती देण्याची सोय आधी करावी लागते. कारागिराचे ज्ञान फुकट आणि पाहुण्या वक्त्याला मानधन, ही रीत मुलांच्याही लक्षात येते.

जलसंधारणाच्या कामाने वऱ्हाडातल्या गावांना असेच एक साधन दिले. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये सुरू झाली. पहिल्या वर्षीच्या तीन तालुक्यांत अमरावती जिल्ह्यातील वरुड होता, पुढे ती अकोला जिल्ह्यातही पोहोचली. या कामात समतल रेषा आखायला ‘ए-फ्रेम’ वापरतात: सारख्या लांबीच्या दोन काठ्या वर जोडलेल्या, मध्ये आडवी काठी आणि वरच्या टोकाला बांधलेला दगडाचा ओळंबा. दोन्ही पाय एका उंचीवर आले की दोरी आडव्या काठीच्या मधल्या खुणेवर येते. तीन काठ्या आणि एका दगडात बसणारे हे यंत्र मुले स्वतः बनवू शकतात. खूण बरोबर मध्यावर आहे की नाही हे तपासण्यासाठी ते उलटे फिरवून पुन्हा ठेवायचे असते. साधन वापरण्याआधी साधनच तपासायचे, ही अभियांत्रिकीची पहिली शिस्त इथे आपोआप शिकली जाते. श्रमदान केलेले पालक गावात असतील, तर शाळेला प्रशिक्षक बाहेरून आणण्याची गरज नाही.

कापसाचा हिशेब आणखी जवळचा. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की साधारण ३४ किलो रुई निघते, उरलेल्यात मुख्यतः सरकी आणि थोडी घट. रुईची एक गाठ १७० किलोची धरतात. म्हणजे एका गाठीला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. घरी वेचून आणलेल्या कापसाची बोंडे घेऊन, हाताने सरकी वेगळी करून, दोन्ही तोलून हे प्रमाण वर्गात पडताळता येते. ते तंतोतंत जुळत नाही. वाण वेगळे, ओलावा वेगळा, हाताने काढताना तंतू सरकीला चिकटून राहतात. आकडा का चुकला याची ही चर्चा बरोबर उत्तरापेक्षा जास्त शिकवते. ओला कापूस तोलायचा, दोन दिवस उन्हात ठेवायचा, पुन्हा तोलायचा. खरेदी केंद्रावर ओलाव्यासाठी भाव का कापतात, हे कळायला मग कोणाचे भाषण लागत नाही.

पऱ्हाटीवरची गुलाबी बोंडअळी हा वऱ्हाडातील प्रत्येक शेतकरी घराचा विषय आहे. २०१७ च्या हंगामात विदर्भात तिने मोठे नुकसान केले. तिच्यावर नजर ठेवण्यासाठी वावरात कामगंध सापळे लावतात. मादी पतंगासारखा गंध असलेली गोळी नर पतंगांना ओढून आणते. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले तर उपाय करण्याची वेळ आली असे कृषी विभाग सांगतो. रोजची मोजणी, तक्ता, स्तंभालेख आणि त्यावरून निर्णय, असा विज्ञानाचा पूर्ण फेरा यात आहे. कृषी विभागाच्या गावपातळीवरील कर्मचाऱ्याला शाळेने विचारले तर शाळेजवळच्या वावरात, मालकाच्या परवानगीने, एक सापळा दाखवणे त्याला अवघड नाही. इथे एक गोष्ट ठामपणे पाळावी लागते. फवारलेल्या शेतात मुलांना नेऊ नये, आणि रिकामे झालेले औषधाचे डबे प्रयोगासाठी कधीही आणवू नयेत.

मातीचा प्रयोग त्याहून सोपा. पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, जोरात हलवून ठेवले की वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळ काही तासांत, आणि चिकणमाती दिवसभर पाणी गढूळ ठेवते. काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण जास्त आणि तिचे कण पाणी पिऊन फुगतात. म्हणून पावसाळ्यात वाट बंद आणि उन्हाळ्यात हातभर भेगा. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात भूजल खारट आहे. पूर्णाकाठच्या विहिरीचे आणि महानच्या धरणाचे पाणी सारख्या मापाने दोन काळ्या ताटल्यांत ओतून उन्हात वाळवले, तर मागे राहणारा पांढरा थर फरक दाखवतो. नातेवाइकांच्या गावाहून बाटलीभर पाणी आणायला मुले आनंदाने तयार होतात. चव घेऊन तपासायचे नाही, एवढे मात्र आधी सांगावे.

शाळेतच चालणारे एक मोजमापाचे केंद्र सगळ्यांच्या नजरेसमोर असूनही दिसत नाही. ते म्हणजे पोषण आहाराचे स्वयंपाकघर. पाचवीपर्यंतच्या प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे प्रमाण आहे. आज ६२ मुले हजर, तर तांदूळ ६ किलो २०० ग्रॅम, डाळ १ किलो २४० ग्रॅम. स्वयंपाकी ताई हे रोज करतात. तिसरीच्या वर्गाने आळीपाळीने त्यांच्याबरोबर हजेरी मोजून तोल करायचा, शिजलेला भात कच्च्या तांदळाच्या किती पट झाला ते नोंदायचे आणि वाढलेले वजन कशाचे हे विचारायचे. ताईंना वर्गाच्या फळ्यासमोर उभे राहायला संकोच वाटतो, स्वयंपाकघरात अजिबात नाही. शिकवण्याची जागा बदलली की शिकवणाराही सापडतो.

आरोग्य विभागाचे पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शाळेत येते, उंची आणि वजन मोजते. नाडी मोजणे, धावल्यावर ती किती वाढते हे पाहणे, वर्षभरात उंची किती वाढली याचा आलेख काढणे हे या भेटीला जोडता येते. वजन मात्र वर्गात मोठ्याने वाचायचे नाही. ज्याचे त्याने आपल्या वहीत लिहायचे.

पाऊस, सावली आणि दूरच्या शाळा

रोज एकच गोष्ट मोजत राहणे मुलांना कंटाळवाणे वाटेल असे मोठ्यांना वाटते. पावसाच्या बाबतीत ते खोटे ठरते. सरळ भिंतीच्या डब्यात जमलेले पाणी मोजपट्टीने मोजले की झाला पर्जन्यमापक. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शाळेचे छप्पर १०० चौरस मीटरचे असेल आणि वर्षात साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या छपरावर ७५ हजार लिटर पाणी पडते. काटेपूर्णा धरणाचा साठा सुमारे ८६ दशलक्ष घनमीटर, म्हणजे साधारण ८ हजार ६०० कोटी लिटर. पाचवीतल्या मोठ्या संख्यांचा पाठ या एका धरणावर सहज उभा राहतो. वर्तमानपत्रात पावसाळाभर येणारी साठ्याची टक्केवारी वर्गात लावून ठेवली, तर शेकडेवारीसाठी वेगळी उदाहरणे शोधावी लागत नाहीत. जलसंपदा विभागाचा अभियंता वर्षातून एकदा येऊन दरवाजे कधी आणि कोणत्या हिशेबाने उघडतात हे सांगू शकला, तर आणखी चांगले.

शाळांनी एकमेकींशी भागीदारी करावी यासाठी सावलीसारखा विषय नाही. बार्शीटाकळी सुमारे २०.६ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७७ अंशांच्या किंचित पुढच्या रेखांशावर आहे. दिल्ली, बंगळूर आणि कन्याकुमारी ही ठिकाणेही ७७ ते ७८ अंशांच्या पट्ट्यातच येतात. त्यामुळे या चारही ठिकाणी सूर्य जवळजवळ एकाच वेळी माथ्याच्या रेषेवर येतो. विषुवदिनी, म्हणजे २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास, एक मीटर उंचीची उभी काठी रोवली तर मध्यान्हीची सावली दिल्लीत सुमारे ५४ सेंटिमीटर, बार्शीटाकळीत ३७ ते ३८, बंगळूरमध्ये २३ आणि कन्याकुमारीला अवघी १४ भरते. जमीन सपाट असती आणि सूर्य फार दूर, तर चारही सावल्या सारख्या आल्या असत्या. फरक पृथ्वीच्या गोलाईचा आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनीसने इजिप्तमधील दोन गावांच्या अशाच तुलनेवरून पृथ्वीचा परीघ काढला. बार्शीटाकळी आणि कन्याकुमारी यांच्यात साडेबारा अंशांचा फरक, अंतर सुमारे १,३९० किलोमीटर. मग ३६० अंशांना किती? त्रैराशिकाने उत्तर ४० हजार किलोमीटरच्या जवळ येते, आणि पृथ्वीचा खरा परीघ तेवढाच आहे.

मध्यान्ह घड्याळाच्या बाराला नसते, हा धडा त्यातच मिळतो. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरून ठरते, बार्शीटाकळी त्याच्या बरीच पश्चिमेला. सर्वात आखूड सावली मार्चमध्ये साडेबाराच्या आणि सप्टेंबरमध्ये सव्वाबाराच्या सुमारास सापडते. दर पाच मिनिटांनी खूण करत गेलेल्या मुलांनाच ती सापडते. पुस्तकात वाचून बाराला मैदानात गेलेल्यांना नाही. शून्य सावलीचा दिवस इथे वर्षातून दोनदा, २३ मे आणि २० जुलैच्या आसपास येतो. पहिल्या वेळी विदर्भातील शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते, दुसऱ्या वेळी आभाळ भरलेले. म्हणून मेमधला प्रयोग घरी, आईवडिलांच्या साक्षीने करावा लागतो.

याच रेखांशांच्या शेजारी भारताच्या मोजणीचा मोठा इतिहास घडला. ७८ अंशांच्या रेखांशालगत दक्षिणेकडून उत्तरेकडे नेलेली महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची साखळी विदर्भातून गेली आणि तिचा प्रमुख विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये हिंगणघाटला, कामावर असतानाच, वारला.

एका शाळेला चार गावांचे आकडे हवे असतील तर चार शिक्षकांची ओळख लागते. पूर्वी ती पत्रांनी झाली असती, आता एका संदेशाने होते. अमेरिकेत १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्लोब’ कार्यक्रमात जगभरच्या शाळा हवामानाच्या नोंदी एकत्र करतात आणि भारतही त्यात सहभागी आहे. भारतातील ‘सीझनवॉच’ उपक्रमात मुले एखादे झाड निवडून त्याची पाने, फुले, फळे यांची नियमित नोंद ठेवतात. पळस कधी फुलला, कडुनिंबाची नवी पालवी कधी आली, हे बार्शीटाकळीतले मूल जे लिहील ते केरळातल्या मुलाच्या नोंदीशेजारी जाऊन बसते. अभयारण्य शेजारी असल्यामुळे वनरक्षकाची मदत इथे घेता येते. पाऊलखुणा, विष्ठा, पिसे यांवरून प्राणी ओळखण्याचे त्याचे कसब पुस्तकी वर्गीकरणापेक्षा मुलांना लवकर भिडते.

आधी झालेले प्रयोग

हातांच्या कामातून शिकण्याची कल्पना विदर्भाला परकी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने पुढे नई तालीमचा अभ्यासक्रम आखला. सूत, शेती आणि सफाई यांच्या भोवती गणित आणि विज्ञान गुंफण्याचा तो प्रयत्न होता. लोकवर्गणीतून शिक्षण उभे करण्याचीही इथे परंपरा आहे; डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये अमरावतीत स्थापन केलेली श्री शिवाजी शिक्षण संस्था शेतकऱ्यांच्या आधारावर वाढली, आणि गाडगेबाबांनी धर्मशाळांबरोबर शिक्षणासाठीही लोकांकडून पैसा आणि श्रम उभे केले.

शाळा, गाव आणि शास्त्रज्ञ यांची सर्वात लांब चाललेली भागीदारी सातपुड्याच्या पलीकडे झाली. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रुरल सेंटर या संस्थांनी सोळा सरकारी उच्च प्राथमिक शाळांत, सहावी ते आठवीसाठी, प्रयोगातून विज्ञान सुरू केले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञ त्यात होते. १९७८ मध्ये कार्यक्रम साऱ्या जिल्ह्यात पसरला आणि १९८२ मध्ये त्याची जबाबदारी सांभाळण्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली. मुलांकडे पाठ करायचे पुस्तक नव्हते, ‘बाल वैज्ञानिक’ नावाची प्रयोगपुस्तिका होती. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवता येई. मुलांच्या मनातले प्रश्न ‘सवालीराम’ या काल्पनिक माणसाला पत्राने जात आणि प्रत्येक पत्राला उत्तर मिळे. शिक्षक दर महिन्याला एकत्र बसून काय जमले, काय फसले ते बोलत. तीस वर्षांनी, २००२ मध्ये, राज्य सरकारने कार्यक्रम बंद केला. शास्त्रज्ञांची साथ, शिक्षकांचा उत्साह आणि मुलांची आवड असूनही शासकीय मान्यतेचा एक धागा तुटला की सारे थांबते, हे त्यातून दिसले. त्या तीस वर्षांतला सर्वात टिकाऊ भाग कदाचित प्रयोगपेटी नसून ती मासिक बैठक असावी.

महाराष्ट्रात १९७४ मध्ये मुंबईला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. त्याने आपले पहिले मोठे ग्रामीण काम जळगाव जिल्ह्यातील खिरोदा येथे, तिथल्या जनता शिक्षण मंडळाच्या साथीने केले. खेड्यातील मुलांना विज्ञान अवघड जाते ते बुद्धी कमी म्हणून नव्हे, पाठ्यपुस्तकाची भाषा अवघड आणि प्रत्यक्ष अनुभव तुटपुंजा म्हणून, या निरीक्षणाला अशा कामातून बळ मिळाले. याच केंद्राने पुढे तिसरी ते पाचवीसाठी ‘स्मॉल सायन्स’ ही पुस्तकमाला काढली, तिची मराठी आवृत्तीही आहे.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. तिथून आठवी ते दहावीच्या शाळांत गेलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञान’ विषयात मुले लोखंडकाम, वीज, शेती आणि अन्नप्रक्रिया शिकतात; शिकवणारे पुष्कळदा गावातलेच कारागीर असतात. विशेष म्हणजे तिथे मदत दोन्ही दिशांनी जाते. मुले गावाला माती तपासून देतात, दुरुस्त्या करून देतात, आणि गाव त्याचे मोल देते. प्राथमिक शाळेला एवढे झेपणार नाही. पण पाचवीचा वर्ग गावाच्या फलकावर रोजचा पाऊस लिहू शकतो, आणि शेतकरी तो आकडा पाहायला थांबतो.

टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करण्याचे श्रेय अरविंद गुप्ता यांना जाते. पुण्यातील आयुका या खगोल संस्थेच्या आवारातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी दशकभर काम केले. त्यांची पुस्तके आणि चित्रफिती मराठीतही मोफत मिळतात. काडेपेटी, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, स्ट्रॉ आणि रीळ एवढ्यावर चालणाऱ्या या प्रयोगांसाठी कोणाच्या देणगीची वाट पाहावी लागत नाही.

पैसा आणि त्याच्या अटी

समग्र शिक्षा अभियानातून शाळेला मिळणारे संयुक्त अनुदान पटावर ठरते. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये, शंभरपर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार. वीजबिल, खडू, दुरुस्ती, स्वच्छता या साऱ्यांतून विज्ञानाला उरते ते थोडे. म्हणून बाहेरच्या पैशाकडे लक्ष जाते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार विशिष्ट आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात, आणि शिक्षण त्या यादीत आहे. हा पैसा कारखाने आणि मोठ्या शहरांच्या आसपास जास्त घुटमळतो. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळा दत्तक देण्याची योजना जाहीर केली. तीत ग्रामीण शाळेसाठी पाच वर्षांना ५० लाख आणि दहा वर्षांना १ कोटी रुपये मूल्याची मदत, रोख नव्हे तर वस्तू आणि सेवांच्या रूपात, अपेक्षित होती. देणगीदाराला आपले नाव शाळेच्या नावाला जोडण्याची मुभाही होती. शिक्षक संघटना आणि पालक यांच्याकडून तिला विरोध झाला. सरकारने आपली जबाबदारी बाहेर ढकलू नये हा त्यातला आक्षेप रास्त आहे.

वस्तूरूप मदतीचा एक धोका सर्वत्र सारखा. २०१५ नंतर लोकवर्गणीतून राज्यभर हजारो जिल्हा परिषद शाळा ‘डिजिटल’ झाल्या. ज्या शाळेत शिक्षकाने पडद्यावर काय आणि कधी दाखवायचे हे ठरवले तिथे फायदा झाला. बाकी ठिकाणी बिघडलेला प्रोजेक्टर, थकलेले वीजबिल आणि कुलपातल्या टॅब्लेट. अटल टिंकरिंग लॅबसाठी नीती आयोग २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देतो, पण ती सहावीपासून पुढच्या वर्गांसाठी. बार्शीटाकळीसारख्या गावात एखाद्या माध्यमिक शाळेला ती मिळाली, तर तिथल्या नववीच्या मुलांनी महिन्यातून एकदा जवळच्या प्राथमिक शाळेत येऊन चौथीच्या मुलांकडून साधे विद्युत मंडल जोडून घेणे हा तिचा फारच स्वस्त आणि फलदायी उपयोग ठरेल. विज्ञान शाखेच्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांबाबतही हेच.

चालवायचे कसे

सूत्रे शिक्षकाच्या हाती असावीत, हा पहिला नियम. पाहुणा येतो तेव्हा वर्गाने आधीच प्रश्न तयार केलेले असावेत आणि तो गेल्यावर त्यावर दोन तास तरी काम व्हावे. फिरती प्रयोगशाळा मैदानात उभी राहते, मुले चकित होतात, गाडी जाते; पुढच्या दिवशी पाठ पान ४७ वरून सुरू झाला तर कालचे आश्चर्य वाया गेले. बालभारतीने तिसरीसाठी जिल्हावार काढलेल्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकामुळे कोणता पाठ कोणत्या माणसाला जोडायचा हे वर्षाच्या सुरुवातीला ठरवता येते. केंद्रप्रमुखांच्या शिक्षण परिषदेत दहा शाळांनी हे एकत्र ठरवले, तर एकाच कृषी अधिकाऱ्याला दहा वेळा बोलवावे लागत नाही.

वेळापत्रक शेतीचे असते. कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरी घटते, मजुरीला बाहेर जाणाऱ्या कुटुंबांची मुले दिवाळीनंतर दिसेनाशी होतात. पावसाच्या, मातीच्या, पेरणीच्या नोंदी जुलै ते सप्टेंबरमध्ये उरकाव्यात. वेचणीच्या काळात कापसाचा हिशेब घ्यावा, म्हणजे गैरहजर मूलही काही शिकूनच परत येते.

भाषेची अडचण खरी आहे. घरी वऱ्हाडी, उर्दू किंवा गोरमाटी बोलणारी मुले पुस्तकातील ‘बाष्पीभवन’ पाठ करतात आणि वाळत घातलेल्या कपड्यांशी त्याचा संबंध लावत नाहीत. आधी घरच्या बोलीत घडलेले सांगू द्यावे, पुस्तकी शब्द नंतर द्यावा. मराठी आणि उर्दू शाळांनी एकाच दिवशी पाऊस किंवा सावली मोजली, तर आकडे भाषांतराविना जुळतात आणि दोन शाळांची मुले एका तक्त्यावर येतात.

मुली नोंदी करतात आणि मुले साधने हाताळतात, अशी विभागणी न सांगता होते. पाळ्या लावूनच ती मोडते. पाहुण्यांत स्त्रिया किती, हेही पाहावे. परिचारिका, शेतकरी बाई, बँकेतील कर्मचारी, विद्यापीठातील संशोधक यांपैकी कोणी आले, तर विज्ञान आपलेही आहे हे पाचवीतल्या मुलीला वेगळे सांगावे लागत नाही. बाहेरची कोणतीही व्यक्ती वर्गात असताना शिक्षक तिथे हजर असणे आणि सहलीला पालकांची लेखी संमती असणे यांत सवलत नको.

माता-पालक गट ही नव्याने तयार झालेली जोडणी आहे. २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी मेळाव्यांतून गावोगावी आयांचे गट बनले. धान्य निवडताना मोजणी, भाकरीचे समान भाग, बाजारातील सुट्टे पैसे अशा घरातल्या गणितासाठी आईला शिकलेले असण्याची अट नाही. शाळेतून आठवड्याला एक कृती पाठवणे आणि पुढच्या आठवड्यात ती कशी झाली हे मुलांकडून ऐकणे एवढे पुरते.

काम नीट चालले आहे की नाही, हे छायाचित्रांवरून ठरत नाही. मुलांचे प्रश्न वाढले का, अंदाज आधी सांगून मग मोजण्याची सवय लागली का, आकडा चुकला तर पुन्हा मोजतात का, आणि त्याच पाहुण्याला पुढच्या वर्षी यावेसे वाटले का, यांवरून ते कळते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या होतात आणि उत्साही शिक्षकाबरोबर त्याची ओळखीची माणसेही शाळेपासून दुरावतात. त्यासाठी कोणता पाठ कोणी घेतला, संपर्क कोणाचा, कोणता प्रयोग जमला आणि कोणता फसला, याची नोंदवही शाळा व्यवस्थापन समितीकडे असावी आणि नव्या शिक्षकाला ती हजेरीपटाबरोबर मिळावी. पावसाच्या नोंदी तर त्याच वहीत, वर्षामागून वर्षे, एकाखाली एक लिहिल्या जाव्यात. दहा वर्षांनी त्यांतून काढलेली सरासरी ही त्या गावाची स्वतःची माहिती असेल.